कोरा कोट

निवृत्ती पगारे यांच्या घरात इस्त्री नव्हती. पण चुरगळलेला कपडा घालून त्यांच्या घरातले माणूस दाराबाहेर पडलेले नाशिकरोडच्या त्या कामगार वसाहतीत कोणी पाहिले नव्हते. पितळी तांब्यात चुलीतले लाल निखारे भरायचे, तांब्याचा गळा फडक्याने धरायचा आणि पाणी शिंपडलेल्या सदऱ्यावरून तो सावकाश फिरवायचा, हे काम निवृत्ती स्वतः करत. बायकोवर, धोंडाबाईंवर, त्यांनी ते कधी सोपवले नाही. नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये ते साधे कामगार होते. तिथे गेल्यावर अंगावर निळा डगला चढवावाच लागे. तरी घरून सायकलवर निघताना वाटावे, हा माणूस कुणाच्या तरी लग्नाला चालला आहे.

त्यांची एकुलती लेक लता शेजारी उकिडवी बसून हे सगळे पाहत असे.

"दादा, चटका बसंल."

"हाताला बसला तर बरा व्हईल. कापडाला बसाया नको."

हिवाळा लागला की नाशिकमधल्या द्वारकेच्या चौकात हातगाड्यांवर जुन्या कोटांचे ढीग लागत. मुंबईहून गाठोडी येत. परदेशातल्या लोकांनी टाकलेले कोट, स्वेटर, लोकरीच्या टोप्या. लता आठ-नऊ वर्षांची असताना तिला त्या ढिगात एक लाल कोट दिसला. मखमली कॉलर, आणि माप जणू तिचेच. दादा कुणाशी तरी बोलत होते, तेवढ्यात तिने त्याच्या खिशात हात घातला. आत गुळगुळीत अस्तर होते. ते बोटांना कळते न कळते तोच दादांनी तिचे मनगट धरून हात बाहेर काढला, तिला चौकातल्या नळावर नेले आणि तो हात धुतला.

"चांगला होता ना पण," लता मुसमुसत म्हणाली.

"चांगलाच हाय. पण उतरलेला हाय."

लेकीला सायकलच्या दांडीवर बसवून ते घरी घेऊन आले. पुढच्या आठवड्यात मात्र मेन रोडवरून लाल फलालीनचा तुकडा घेऊन आले. कापडाच्या एका कडेला सूत चुकलेले होते. गिरणीतून निघतानाच असा काही दोष राहिला की तो माल दुकानात वेगळा ठेवत आणि कमी भावात विकत. त्याला सगळे नाशिक 'सेकंड' म्हणे.

"सेकंड हाय," दादा म्हणाले, "पण कोरं हाय. ह्याच्यावर पहिलं पाणी आपल्याच घरचं पडंल."

नळावर हात का धुतला, ते धोंडाबाईंनी तिला पुष्कळ दिवसांनी सांगितले, तेही एकदाच. निवृत्तींचे लहानपण विंचूरला गेले. गावात मयत झाले की प्रेतावरचे कापड आणि मेलेल्या माणसाचे कपडे त्यांच्या बापाला मिळत. हक्क म्हणायचा तो. त्यांच्या आईने असेच एक लाल काठाचे धोतर धुऊन, कापून पोराला सदरा शिवला. निवृत्ती तो घालून शाळेत गेले. शाळेत ते तसेही दाराशी बसत. मधल्या सुट्टीत एका मुलाने त्या सदऱ्याचा काठ ओळखला. "अरे, ह्यो तर माझ्या आज्याचा," असे म्हणून तो रडायलाच लागला. सगळी पोरे जमली. निवृत्तींनी सदरा तिथेच काढला आणि उघड्या अंगाने घरी आले. मग नाशिकला आल्यावर, बाबासाहेबांच्या चळवळीच्या सभांमधून कानावर आलेले सगळे त्यांनी मनात धरले की नाही ठाऊक नाही. पण एक धरले. आपल्या घरात उतरलेले कापड येणार नाही.

अशा घरात वाढलेली मुलगी कपड्यांच्या बाबतीत काटेकोर झाली, यात नवल नाही. लतेला मात्र काटेकोरपणाच्या पुढची एक गोष्ट जन्मतःच मिळाली होती. तिला दिसत असे. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग बसतो, खांद्याची शिलाई अर्ध्या बोटाने मागे घेतली तर मान कशी उंच वाटते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. मॅट्रिकनंतर तिने शिवणाचा कोर्स केला आणि सेकंडच्या कापडातून असे काही ब्लाउज शिवले की वसाहतीतल्या मुली माप द्यायला रांगेत येत. कोर्सला एक सधन घरातली मुलगी होती. ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "पगारे, तुमच्याकडे रोज नवं कापड येतं कुठून गं?"

लतेला त्या प्रश्नाच्या आतला प्रश्न बरोबर कळला. "दुकानातून," ती म्हणाली. "तुमच्याकडे कुठून येतं?"

त्र्याहत्तर साली तिचे लग्न देवराम केदारे यांच्याशी झाले. देवराम वणीकडचा, डिप्लोमा झालेला, शांत आणि हिशेबी. वर्षभरात त्याला कॅनडात विनिपेग नावाच्या गावी कारखान्यात नोकरी लागली. तिथे फार थंडी असते, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. किती, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

दादा लेकीला घेऊन द्वारकेला रहेमान मास्तरांकडे गेले. मास्तरांचे दुकान चौकातल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामाला लागून होते. सुटाबुटाचे काम ते करत आणि लतेला ती परकरात होती तेव्हापासून ओळखत. निवृत्तींनी आणलेले करड्या रंगाचे कापड त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिले.

"कापड चांगलं है, निवृत्तीभाऊ. अस्तर डबल देतो."

"तिकडं बरफ असतं म्हंत्यात, मास्तर."

"बर्फ असू दे. माझ्या कोटात बर्फ घुसणार कुठून?" मग लतेकडे वळून म्हणाले, "हात सीधा कर, बेटी. बाही बरोबर मनगटाच्या हाडावर थांबली पाहिजे. कोट कितीही भारी असू दे, बाही लांब झाली तर माणूस दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा दिसतो."

दादा त्यावर मान हलवून हसले. असे त्यांना फार क्वचित हसू येई.

कोट सुरेख झाला. मुंबईला विमानतळावर लोक वळून लतेकडे पाहत होते, आणि निरोप देताना दादांचे डोळे लेकीच्या तोंडापेक्षा तिच्या खांद्यांवरच जास्त होते.

विनिपेगला नोव्हेंबरात त्या कोटाचे काय झाले ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. वारा त्याच्यातून असा आरपार गेला, जणू मध्ये काही नव्हतेच. लतेने आत दोन स्वेटर घातले, साडीखाली देवरामची लोकरी विजार घातली. कोट खांद्यावर फुगला, बटणे ओढली जाऊ लागली. साडीचा काठ बर्फात भिजून गोठे आणि खळ दिल्यासारखा ताठ होऊन पायांवर आपटे. घरात आले की त्याचे पाणी होऊन फरशीवर थारोळे साचे. थंडी सहन होण्यासारखी नव्हतीच, पण तिला त्याहून जास्त लागली ती काचेतली स्वतःची छबी. एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत पँटांच्या कडा दुमडण्याचे काम तिला मिळाले होते. रोज बसथांब्यावर उभे राहायचे आणि समोरच्या दुकानाच्या काचेत एक गाठोडे पाहायचे. ते गाठोडे आपण आहोत, हे तिला रोज नव्याने कळे.

तिथल्या बायका त्याच थंडीत किती नीट दिसत. कमरेशी घट्ट पट्टा, गळ्याशी रंग जुळवलेला रुमाल, उंच बूट, फरची कॉलर. लता शिवणकामाच्या नजरेने त्यांचे कोट उलगडून पाही. इथे चिमटा, इथे कळी, इथे अस्तर वेगळे. करता सगळे आले असते. पण तसले कापड आणायचे कुठून? आणि दुकानातले तयार कोट लता-देवरामच्या आवाक्यातले नव्हते. देवरामच्या कारखान्यात तेव्हा आज कामावर, उद्या घरी, असे चालले होते.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या इमारतीजवळच्या चर्चच्या दारावर 'सेल' अशी पाटी लागली. मेन रोडवर दिवाळीत लागते तशी. लता आत गेली. तळघरात टेबले मांडली होती, दांड्यांवर कपडे टांगले होते, आणि शेवटच्या दांडीवर तो कोट होता. गडद किरमिजी रंग, काळ्या फरची कॉलर, कमरेला पट्टा, समोर मोठी काळी चकचकीत बटणे. तिने तो अंगावर चढवला. बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली.

एक बटण किंचित वेगळे होते. वरून तिसरे. काळे खरे, पण कडेला बारीक नक्षी असलेले. टेबलाशी बसलेल्या बाईला लतेने ते दाखवले. बाई हसून भराभर काहीतरी बोलली. लतेचे इंग्रजी तेव्हा बेताचेच. त्या सगळ्या बोलण्यातला एक शब्द तिने पकडला, कारण तो तिच्या ओळखीचा होता. सेकंड. तिने मान डोलावली. बटण चुकले, म्हणून माल सेकंडचा. म्हणून इतका स्वस्त. सेकंडहँड सायकल तिने पाहिली होती, सेकंडहँड पुस्तके शाळेत वापरली होती. पण प्रार्थनेच्या जागी, पाटी लावून, टेबल मांडून कोणी उतरलेले कपडे विकत असेल, हे तिच्या डोक्यात येण्यासारखेच नव्हते. आतून डांबरगोळ्यांचा मंद वास आला. लोकर अशीच ठेवत असतील, असे तिने स्वतःला सांगितले.

तो हिवाळा लतेच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर हिवाळा म्हणायला हवा. तिने कोटाच्या रंगाचा एक धागा नेऊन जुळता रुमाल आणला. उरल्यासुरल्या काळ्या कापडाची तिरपी टोपी शिवली. साडी चार बोटे वर नेसून खाली उंच बूट घातले, आणि ते इतके शोभले की बसथांब्यावरच्या अनोळखी बायका पाहून हसत. देवरामने मित्राचा कॅमेरा आणून बर्फात तिचा फोटो काढला. मान किंचित वळलेली, एक हात पट्ट्यावर.

फोटो नाशिकला पोचला. दादांनी तो स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला, काच लावली आणि बुद्धाच्या व बाबासाहेबांच्या तसबिरींच्या शेजारी, त्यांच्याहून वीतभर खाली, भिंतीवर टांगला. येईल त्याला ते खुर्ची देत ती फोटोसमोर. त्यांच्या पत्रांतून आता तब्येतीच्या चौकशीआधी कोट येई. कापड कोणते आहे? अस्तर कसले? येशील तेव्हा घेऊन ये. एकदा हात लावून पाहायचा आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी बसथांब्यावर एक म्हातारी लतेकडे टक लावून पाहत उभी होती. मग जवळ आली, हातमोजा काढला आणि लतेच्या कोटाचे तिसरे बटण दोन बोटांत धरले. कॅनडात येऊन दीड वर्ष होत आले होते, तोवर लतेला इंग्रजी पुरेसे कळू लागले होते. कळले नसते तर बरे, असे तिला पुढे अनेकदा वाटले.

"हे मी लावलंय," म्हातारी म्हणाली. "एडिथचं बटण हरवलं. तसं दुसरं काही मिळेना. एडिथ माझी बहीण. गेल्या उन्हाळ्यात गेली. तिचे सगळे कपडे मी चर्चला दिले. हा कोट कोणाला मिळाला असेल, असं सारखं मनात यायचं." तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. "तुला छान दिसतो. तिच्यापेक्षाही."

"थँक्यू," लता म्हणाली. दुसरे काय म्हणणार?

बस आली. बसमध्ये जागा होती तरी ती उभी राहिली. या कोटाला आपले अंग लागू नये असे तिला वाटत होते, आणि अंग तर कोटाच्या आतच होते.

संध्याकाळी देवरामने सगळे ऐकून घेतले. "अगं, इथे सगळेच घालतात. आमच्या सुपरवायझरची बायकोसुद्धा तिथूनच घेते."

"त्यांच्या आजोबांना कोणी मढ्यावरचं दिलं नव्हतं."

"नाशिकला कोण सांगायला जाणार आहे?"

"मला कळलंय ना पण, अहो."

देवरामच्याही घरात तसले दिवस होऊन गेले होते. त्याने ते मागे टाकले होते, आणि टाकलेल्या गोष्टीला तो पुन्हा हात लावत नसे.

लतेने कोट कपाटात ठेवला आणि रहेमान मास्तरांचा करडा कोट पुन्हा काढला. मार्च अर्धा होईतो ती त्यातच कामावर गेली. मग छाती भरली, ताप आला, आठवडाभर अंथरुणात राहावे लागले. बरी होऊन कामावर निघाली त्या सकाळी देवरामने किरमिजी कोट कपाटातून काढला, तिच्या खांद्यावर घातला आणि लहान मुलाची लावावीत तशी एक-एक करून सगळी बटणे लावली. ती उभी राहिली. त्यानंतर ती तो कोट घालत राहिली. पण जुळता रुमाल पेटीत गेला आणि तिरपी टोपी पुन्हा निघाली नाही. ऊब राहिली, ऐट गेली. समोरच्या काचेकडे ती पाहीनाशी झाली.

सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात दादा आजारी असल्याचे कळले. फुप्फुसाचे दुखणे, डॉक्टरांना फारशी आशा नाही. लता एकटीच निघाली. कोट न्यायचा नाही असे तिने ठरवले होते. पण विनिपेगच्या विमानतळापर्यंत पोचायलाच तो लागत होता. मुंबईला उतरल्यावर तिने तो घडी करून बॅगेत अगदी तळाशी घातला.

दादा अर्धे झाले होते. सदरा मात्र कडक इस्त्रीचा. तांब्या आता धोंडाबाई फिरवत होत्या.

"कोट आणला का गं?" हाच त्यांचा पहिला प्रश्न.

"बघू नंतर, दादा. आधी तुम्ही बरे व्हा."

जानेवारीतली नाशिकची थंडी विनिपेगच्या मानाने काहीच नाही, पण दादांना सोसवेना. दोन गोधड्या घेऊनही ते कुडकुडत. एक दिवस दुपारी लता औषध आणायला स्टेशनकडे गेली होती. परत आली तर दारात चपला दिसल्या आणि आतून हसण्याचा आवाज आला. दादा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या अंगावर किरमिजी कोट होता. काळी फर त्यांच्या पांढऱ्या खुंटांना लागत होती. धोंडाबाईंनी बॅग उघडली होती.

समोर खुर्चीवर प्रेसमधले त्यांचे जुने सोबती चिमाजी बसले होते. "निवृत्ती, साहेब झाला रे तू," ते म्हणत होते. "बायकी साहेब, पण साहेब."

"साहेबाचं उतरलेलं नाय हां हे," दादा म्हणाले. त्यांना धाप लागत होती, तरी आवाजात जोर होता. "लेकीनं कोरा घेतलाय. तिकडच्या दुकानात. तिच्याआधी कुणाचं अंग लागलेलं नाय."

चिमाजींनी अस्तराला हात लावून पाहिला आणि मान डोलावली. लता दाराशीच उभी राहिली. चहा झाला, चिमाजी गेले. दादा कोटाच्या बाहीवरून तळवा फिरवत होते. कापडाचा पोत वाचत असावेत तसे.

ती गप्प राहिली असती तर चालले असते. त्यांचे फार दिवस उरले नव्हते, ते सुखात गेले असते. लता हे सगळे त्या दोन क्षणांत मनाशी बोलली. पण दादांच्या अंगावर तो कोट तिला बघवेना.

"दादा, तो काढा."

"का गं? मळंल म्हून?"

"कोरा नाही तो."

दादांचा हात थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिले, आणि मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "सेकंडचा हाय व्हय? मग काय झालं? सेकंड असला तरी कोराच की."

"मलाही तसंच वाटलं होतं, दादा." आणि खाटेच्या पायाशी बसून तिने सगळे सांगितले. चर्च, टेबलामागची बाई, तो एक शब्द, बसथांब्यावरची म्हातारी, तिसरे बटण. धोंडाबाई आतल्या दारात चहाचे कप हातात घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"मेलेल्या बाईचा," दादा म्हणाले.

"हो."

"घेतला तवा तुला ठावं नव्हतं?"

"नव्हतं." मग ती म्हणाली, "डांबरगोळ्यांचा वास येत होता. कोऱ्या कापडाला तो नसतो. मला कळायला पाहिजे होतं. पण मला तो फार हवा होता."

दादा बटणे काढू लागले. लतेने मदत करायला हात पुढे केला, तो त्यांनी मानेनेच थांबवला. तिसऱ्या बटणाशी ते अडले, पण तेही त्यांनीच काढले. कोट अंगावरून उतरला तेव्हा त्यांना हुडहुडी भरली, तरी त्यांनी तो मांडीवर घेऊन आधी बाह्या जुळवल्या, कॉलर सरळ केली आणि नीट घडी घातली. कापड कुणाचेही असो, त्यांना ते चुरगळून टाकता येत नसे.

"हातावर पाणी घाल."

लतेने खाटेशी परात धरली आणि तांब्याने पाणी घातले. हात धुऊन झाल्यावर त्यांनी तांब्या तिच्याकडून घेतला. "तुझे बी धर," म्हणाले, आणि अर्धे पाणी सांडत तिच्या हातांवर धार धरली. लतेला द्वारकेचा नळ आठवला. त्यांनाही आठवला असावा.

गोधड्या अंगावर घेऊन ते पडून राहिले. भिंतीवरून ऊन सरकत फोटोच्या काचेवर आले.

"तिकडं लय गारठा असतो का गं?"

"लय, दादा. श्वाससुद्धा गोठतो."

"मग तिकडं घाल. त्याच्याबिगर जगायची नाय तू. पर त्याच्यात पुन्यांदा फोटो नको काढू."

"आणि हा?" लतेने भिंतीकडे पाहिले. "हा काढून ठेवू?"

दादांनी फोटोकडे बघितले. "राहू दे. ह्याच्यात तुला ठावं नाय अजून."

कोटाविषयी ते पुन्हा बोलले नाहीत. कोणी भेटायला आले आणि फोटोकडे पाहू लागले, की ते डोळे मिटून घेत. जानेवारी संपता संपता ते गेले. पांढरे कापड आणायला चिमाजी निघाले तेव्हा धोंडाबाई रडता रडता थांबून एवढेच म्हणाल्या, "कोरं बघून आणा."

निघण्याआधी लतेने तो कोट कोणाला तरी देऊन टाकावा असे फार मनात आणले. पण द्यायचा कोणाला? ज्याला देईल त्याच्या अंगावर तो उतरलेलाच. शेवटी ज्या बॅगेतून आणला त्याच बॅगेतून तो परत गेला.

पुढच्या हिवाळ्यात धोंडाबाईंनी शेजारच्या मुलीकडून पत्र लिहून घेतले. तुझा एखादा फोटो पाठव, घर फार मोकळे वाटते. रविवारी देवराम आणि लता नदीकाठी गेले. नदी गोठून पांढरी झाली होती. देवरामने कॅमेरा नीट केला, तशी लतेने किरमिजी कोट काढून त्याच्या हातावर दिला आणि पिशवीतून रहेमान मास्तरांचा करडा कोट काढून घातला. स्वेटर नाही, काही नाही. स्वेटरवर तो नीट बसत नसे. करड्याशी जुळेल असा रुमाल गळ्याशी बांधला. वारा छातीत सुरीसारखा शिरला.

"लवकर काढा."

"हस की मग."

ती हसली. दात वाजू नयेत म्हणून ओठ घट्ट धरून हसली, आणि ते फोटोत फार छान आले. देवरामच्या डाव्या हातावर काळी फर लोंबत होती. ती फोटोत आली नाही. दर हिवाळ्यात असा एक फोटो नाशिकला जाऊ लागला. पुढे कारखाना नीट चालू लागला, तिने दुकानातून कोरे कोट घेतले, तरी फोटोसाठी निघे तो करडाच.

ब्याऐंशी साली रहेमान मास्तर कुणाच्या लग्नाला नाशिकरोडला आले, ते धोंडाबाईंना भेटून जावे म्हणून वसाहतीत डोकावले. मोतीबिंदू काढला होता, जाड भिंगाचा चष्मा होता. भिंतीपाशी जाऊन त्यांनी ओळीने लावलेल्या फोटोंना जवळजवळ नाक लावले.

"भाभी, हा तर माझा कोट है."

"तुमचाच, मास्तर."

"इतक्या बर्फात? एवढी वर्षं टिकला?"

"लय गरम हाय म्हणती. दुसरा घालतच नाय."

मास्तर खुलले. "बोललो होतो ना निवृत्तीभाऊला, कापड चांगलं है." मग पहिल्या, मोठ्या फोटोकडे बोट केले. "आणि हा फरवाला?"

"तो तवाचा. मागनं नाय घातला तिनं."

मास्तर पुन्हा करड्या कोटाकडे वळले. एका फोटोवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. सगळ्या फोटोंत लतेचे हात बाह्यांच्या आत होते. बोटांची टोकेसुद्धा दिसत नव्हती.

"भाभी, बाही लांब झाली वाटतं माझ्याकडून," ते ओशाळून म्हणाले. "मनगटावर थांबायला पाहिजे होती."

थंडीने आत ओढून घेतलेले ते हात धोंडाबाईंनी करड्या कोटातला पहिला फोटो आला त्याच दिवशी ओळखले होते.

"बाही बरोबर हाय, मास्तर," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.